रिकाम्या वेळेचा मालक कोण?

प्रस्तावना

काम न करणाऱ्या माणसाबद्दल हे लेखन आहे. अशा माणसाबद्दल आपण बोलतो पुष्कळ, पण त्याच्याकडे पाहतो कमी. एखादा माणूस दुपारी ओट्यावर बसलेला दिसला की त्याच्याबद्दलचं आपलं मत झालेलं असतं. तो बसला आहे, त्याला बसवलं आहे की त्याने उठायला नकार दिला आहे, हे विचारायला आपण थांबत नाही. हा प्रश्न थांबून विचारता यावा, म्हणून हा विषय हाती घेतला आणि त्यासाठी गाव निवडलं सारसोळे.

नवी मुंबईत नेरूळच्या पश्चिम अंगाला, ठाणे खाडीच्या काठी हे आगरी-कोळ्यांचं गाव आहे. गाव आणि खाडी यांच्या मधून आज पाम बीच रस्ता धावतो. रस्त्याच्या एका बाजूला सेक्टर, सोसायट्या आणि दुकानं, दुसऱ्या बाजूला खारफुटी, चिखल आणि जेट्टीला बांधलेल्या होड्या. सकाळी सहाला याच काठावर दोन प्रकारची माणसं भेटतात. काही जण फिरायला आलेले असतात, काही जण जाळं घेऊन निघालेले असतात. दुपारी त्यांच्या जागा बदलतात. फिरणारा कचेरीत काम करत असतो आणि जाळंवाला घरी आडवा झालेला असतो. दोघांचाही दिवस सारखाच भरलेला आणि सारखाच रिकामा असतो. तरी ‘रिकामा’ हा शब्द आपण दुसऱ्यालाच लावतो. असं का होतं, याचं उत्तर शोधायला इतकं सोयीचं ठिकाण क्वचित सापडेल.

आधी शब्दांचा हिशेब करू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे आणि घरोघरच्या दूरचित्रवाणीमुळे ‘आयडल’ हा इंग्रजी शब्द इथे दोन अर्थांनी रुळला. कारखान्यात मशीन आयडल असतं, म्हणजे सुरू असून त्यावर माल निघत नाही. गाण्याच्या स्पर्धेतला आयडल म्हणजे ज्याला डोक्यावर घ्यावं असा माणूस. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचं लेखन निराळं आणि कूळही निराळं. देवनागरीत मात्र दोन्ही एकच दिसतात. पहिल्याचा जुना इंग्रजी अर्थ फक्त ‘रिकामा, पोकळ’ इतकाच होता. आपला ‘रिकामा’ही ‘रिक्त’पासूनच आला आहे. म्हणजे दोन्ही भाषांत मुळात हा शब्द निर्दोष होता. भांडं रिकामं असतं तसा माणूस रिकामा. त्यात दूषण नव्हतं. पुढे त्याला आळसाचा वास चिकटला. तरी इंग्रजीने एक भेद टिकवून ठेवला आहे. यंत्र आयडल असू शकतं, पण लेझी कधीच नसतं. आयडल ही अवस्था आहे, लेझी हा स्वभाव आहे. यंत्राला आपण जी सूट देतो ती माणसाला देत नाही. त्याच्या अवस्थेलाच त्याचा स्वभाव समजतो.

मराठीतला गोंधळ यापेक्षा बोलका आहे. ‘बेकार’ आणि ‘बेगार’ हे दोन्ही शब्द फारसीतून आले आणि त्यांच्यात फरक एका अक्षराचा आहे. बेकार म्हणजे ज्याला काम नाही तो. बेगार म्हणजे ज्याचं काम जबरीने आणि फुकट घेतलं जातं ते. कानाला जवळचे असलेले हे शब्द अर्थाने दोन टोकांना आहेत. तरी दोघांचं दुखणं एक आहे. आपल्या कामाचा निर्णय आपल्या हातात नाही, हे ते दुखणं. भारतीय राज्यघटनेच्या २३व्या अनुच्छेदाने माणसांच्या व्यापाराबरोबर बेगारीलाही बंदी घातली, आणि घटनेच्या इंग्रजी संहितेतसुद्धा ‘बेगार’ हाच आपला शब्द ठेवला. बेगार अशी गुन्हा ठरली. बेकारीचं तसं काही झालं नाही, कारण तिथे गुन्हेगार दिसत नाही. दिसतो तो फक्त बसलेला माणूस.

या लेखनाचं सूत्र यातूनच मिळालं. काम नसण्याचे तीन प्रकार आहेत: विसावा, नकार आणि बेकारी. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. माणूस बसलेला असतो, होडी बांधलेली असते, शेत मोकळं असतं. त्यांच्यातला फरक एका प्रश्नाने उलगडतो: हे कोणी ठरवलं?

पहिला प्रकार विसाव्याचा. खाडीवर पोट असलेल्या माणसाचं घड्याळ भिंतीवर नसतं, ते पाण्यात असतं. भरती आणि सुकती यांमध्ये साधारण सव्वासहा तास जातात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. त्यामुळे आज पहाटे चारला निघालेला माणूस आठवड्याने पहाटे चारला निघूच शकत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. पाणी जोरात चढतं आणि जोरात उतरतं. प्रवाहाच्या जोरावर मासळी पोटात घेणारी डोल आणि बोकशीसारखी जाळी अशा वेळी भरतात. अष्टमीच्या आसपास भांग लागतो. पाण्याची चढउतार कमी होते, ओढ मंदावते. जाळं लावलं तरी हाती फारसं काही लागत नाही. म्हणून भांगाच्या दिवसांत होडी काठाला राहते. जाळी दोरीवर पडतात, फाटलेले कोपरे सांधले जातात, होडीची डागडुजी होते, पाव्हणेरावळे होतात आणि झोप भरून काढली जाते. उधाणात माणूस रात्री दोनलाही खाडीत असतो. त्या जागरणाची भरपाई भांगात होते. महिन्यातून दोनदा चंद्र विसावा देतो आणि तो घेतला नाही तर पुढचं उधाण झेपत नाही.

म्हणजे या विसाव्याची जागा कामाच्या आतच आहे. जाळ्याच्या सुतात जशी भोकं असतात तशी. भोकं नसती तर ते जाळं राहिलं नसतं, नुसतं कापड झालं असतं.

महिन्याचं जे, तेच वर्षाचं. खाडीकाठच्या या पट्ट्यात आगरी माणसाचं आयुष्य तीन धंद्यांवर उभं होतं. पावसाळ्यात खारजमिनीत भात, पाऊस सरल्यावर मिठागर आणि बारमाही खाडी. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या आगराकडे बोट दाखवतं. खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीत भाताचं एकच पीक निघतं. कापणी झाली की तीच जमीन पुढच्या पावसापर्यंत पडून असते. मिठागराचं उलटं आहे. ऊन तापतं तसं काम चढतं आणि पहिला पाऊस पडला की आगर बंद होतं. एक धंदा निजतो तेव्हा दुसरा जागा होतो आणि मधल्या फटींत माणसाला मोकळे दिवस मिळतात. लग्नसराई त्या दिवसांत येते. लग्नात गाणाऱ्या धवलारणीने रात्र रात्र म्हटलेले धवळे, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरेला निघणारी पालखी, गौरी-गणपतीचे नाच, भजनाच्या बाऱ्या, हे सगळं याच फटींत जन्मलं. आगरी-कोळी संस्कृती म्हणून आज महोत्सवांच्या मंचावर जे कौतुकाने दाखवलं जातं, त्याचा मोठा भाग ज्यांना आळशी म्हटलं गेलं त्या दिवसांची कमाई आहे. गाणं रचायला, ते कोणाकडून तरी शिकायला आणि कोणाला तरी शिकवायला वेळ लागतो. त्या वेळेचा पगार कोणी दिला नाही, तो समाजाने स्वतःच बाजूला काढून ठेवला.

वर्षातला सर्वांत मोठा विसावा दर्याचा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होड्या पुन्हा पाण्यात लोटायच्या, ही रीत कायद्याच्या कितीतरी आधीची आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, हे तिचं एक कारण. दुसरं असं की हाच बऱ्याच माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो. १९८१ च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने राज्याच्या हाती नियमनाचे अधिकार आले. अलीकडच्या वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. या ६१ दिवसांत माणूस बसतो आणि समुद्र काम करतो. माणसाचं बसणंच इथे पुढच्या हंगामाची पेरणी असते. मग त्या बसण्याची किंमत कोण देतं? प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मंदीच्या तीन महिन्यांसाठी गरीब मच्छीमाराला मिळून ४,५०० रुपये मिळतात, आणि त्यातले १,५०० त्याच्याच बचतीतले असतात. हा आकडा पाहिला की कळतं, विसाव्याची गरज आपण मान्य केली आहे, पण त्याचा खर्च अजून ज्याचा त्याच्यावरच टाकला आहे.

या विसाव्याला बाहेरच्या नजरेने काय नाव दिलं, हा इतिहासाचा भाग आहे. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली ‘आळशी नेटिव्हाची दंतकथा’ या आशयाच्या नावाचा ग्रंथ लिहिला. मलाया, जावा आणि फिलिपिन्समधल्या लोकांना वसाहतवाल्यांनी आळशी का ठरवलं, याचा शोध त्यांनी घेतला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, मळ्यांवर आणि खाणींत परक्यांच्या अटींवर राबायला जे तयार झाले नाहीत ते आळशी ठरले. स्वतःच्या शेतात आणि स्वतःच्या होडीत ते किती राबतात, हे कोणी मोजलंच नाही. त्याआधी दहा वर्षं, १९६७ साली, इंग्रज इतिहासकार ई. पी. थॉम्पसन यांनी कारखान्याच्या घड्याळाने माणसाचा वेळ कसा बदलला यावर एक गाजलेला निबंध लिहिला. काम संपेपर्यंत काम आणि मग आराम, ही शेतकऱ्याची आणि दर्यावर्दी माणसाची जुनी रीत होती. भोंगा वाजेपर्यंत काम, मग ते असो वा नसो, ही कारखान्याची नवी रीत आली. दोन रीती एका गावात आमनेसामने आल्या की नव्या रीतीला जुनी आळशी वाटते.

आपण मात्र सगळा दोष परक्यांवर टाकून मोकळं होऊ शकत नाही. आपल्या भाषेतही रिकाम्या माणसाबद्दलचा संशय भरलेला आहे. रिकामटेकडा, ऐतखाऊ, ऐदी, कामचुकार, सुस्त, निरुद्योगी, अशी ही यादी लांबत जाते. समर्थ रामदासांनी दासबोधात आळसाला कठोर शब्दांत झोडपलं आणि प्रयत्नाची थोरवी गायली. त्यांच्या काळाला त्या शिकवणुकीची गरज होती आणि ती आजही खोटी नाही. पण ती शिकवण स्वतःसाठी होती, शेजाऱ्याला तोलण्यासाठी नव्हती. ‘ऐदी’ या शब्दाची कथा पाहण्यासारखी आहे. अकबराच्या काळात ‘अहदी’ नावाचे स्वार थेट बादशहाच्या चाकरीत असत. ते कोणा मनसबदाराच्या हाताखाली नसत आणि बोलावणं येईपर्यंत त्यांना रोजचं ठरलेलं काम नसे. त्या वाट पाहणाऱ्या शिपायाच्या नावावरून आळशी माणसाला ऐदी म्हणू लागले असं मानतात. मानाच्या पदाची अशी शिवी झाली. वाट पाहणं हेसुद्धा काम असू शकतं, हे भाषा विसरली. खाडीकाठी भरतीची वाट पाहणाऱ्या माणसाच्या वाट्यालाही तेच आलं.

दुसरा प्रकार नकाराचा. त्याचं या मुलखातलं सर्वांत मोठं उदाहरण सारसोळ्यापासून दूर नाही. खाडी ओलांडून दक्षिणेला गेलं की आजच्या रायगड आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात अलिबागजवळ चरी गाव लागतं. तिथेही आगरी शेतकरी, खारजमिनी आणि बांध होते. जमीन मात्र खोतांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांची, होती. पिकाचा मोठा वाटा खोताकडे जाई आणि वर वेठबिगारही करावी लागे. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संपाचा निर्णय घेतला. पंचवीस गावं त्यात उतरली. संप साधा होता आणि भयंकरही होता. खोताची जमीन कसायचीच नाही, हा तो संप. आषाढ आला, पाऊस पडला आणि शेतं तशीच राहिली. असे एक नाही, सुमारे सहा पावसाळे गेले.

शेतकऱ्याने पेरणी न करणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळतं. पाऊस लागला की त्याच्या हातापायांना आपोआप शेताकडे ओढ लागते. ती ओढ सहा वर्षं आवरून धरायची, रानातला लाकूडफाटा आणि खाडीतली मासळी यांवर घर चालवायचं, आणि समोर ओसाड होत जाणारं शेत पाहायचं. या लोकांना कोणी आळशी म्हणू शकेल का? तरी बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसलं असेल? पडीक जमीन आणि बसलेली माणसं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या लढ्याला पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ साली कूळ कायदा आला, संरक्षित कुळाची कल्पना कायद्यात उतरली आणि संप मिटला. काम न करून माणसांनी कायदा घडवला. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी केलेला संपही नकाराचाच होता, पण त्याचा शेवट वेगळा झाला. गिरण्यांचे भोंगे बंद पडले ते बहुतेकांसाठी कायमचे. नकार कुठे संपतो आणि बेकारी कुठे सुरू होते ती सीमा किती पातळ असते, हे या दोन संपांची तुलना केली की कळतं. चरीच्या शेतकऱ्याला परत जायला जमीन होती. गिरणी कामगाराकडे स्वतःचा मागही नव्हता.

तिसरा प्रकार बेकारीचा. तो समजून घ्यायला पुन्हा सारसोळ्यात यायला हवं. मुंबईच्या पूर्वेला, खाडीपलीकडे नवं शहर वसवावं ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकाच्या मध्याला मांडली. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन संपादनाखाली आली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. या कल्पनेत पुष्कळ चांगलं होतं. गर्दीने गुदमरलेल्या मुंबईला श्वास मिळावा आणि सामान्य माणसाला घर मिळावं, हे हेतू खरे होते. पण नकाशावर जे मोकळं दिसलं ते मोकळं नव्हतं. कापणीनंतर पडलेलं शेत, भरतीला बुडणारा आणि सुकतीला उघडा पडणारा चिखल, पावसाळ्यात बंद असलेलं मिठागर, या सगळ्यांचा विसावा चालू होता. तो विसावा रिकामी जागा म्हणून मोजला गेला.

जमीन गेली तेव्हा एका धंद्याबरोबर तीन धंद्यांचा मेळ गेला. भात गेला, मिठागर गेलं, आणि कालांतराने भराव व सांडपाणी यांनी खाडीलाही घेरलं. सातबारा ज्याच्या नावावर होता त्याला मोबदला तरी मिळाला. तो पुरेसा होता का, यावर रण माजलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान फाटा परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. विकसित जमिनीचे साडेबारा टक्के भूखंड देण्याची योजना त्या रक्तातून आली. पण सातबाऱ्यावर खाडी नसते. निवट्या, चिंबोऱ्या आणि खुबे वेचून घर चालवणाऱ्या बाईच्या नावावर चिखलाचा तुकडाही नव्हता. मिठागरात मजुरीवर जाणाऱ्याच्या नावावर काहीच नव्हतं. ही माणसं कागदावर कधी कामावर नव्हती, त्यामुळे त्यांचं काम गेलं हेही कागदावर आलं नाही.

कायद्याला हे कळायला फार वर्षं लागली. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्याच्या पीठाने उरण भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडीत भराव झाला, वाट अडली, मासळीची जागा गेली, म्हणून ही माणसं बसली, हे लवादाने मान्य केलं. रक्कम आपल्या जागी. खाडीच्या माणसाची बेकारी त्याच्या आळसातून आलेली नाही, हे एका न्यायपीठाने लिहून ठेवलं याचं मोल मला अधिक वाटतं.

कारखान्यातल्या कामगाराला हा न्याय आधीच मिळाला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात १९५३ साली एक प्रकरण घातलं गेलं. कच्चा माल नाही, वीज नाही, मशीन बिघडलं, म्हणून मालकाने घरी बसवलेल्या पात्र कामगाराला मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या पन्नास टक्के भरपाई द्यावी असं त्यात ठरलं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातला कामगार ज्याला ‘ले-ऑफ’ म्हणून ओळखतो तो हाच. त्यामागचं तत्त्व सुंदर आहे: माणूस काम करायला तयार आहे आणि काम त्याला नाकारलं गेलं आहे, तर त्याच्या बसण्याची किंमत नाकारणाऱ्याने भरावी. हेच तत्त्व खाडीकाठी नेऊन ठेवायला काय हरकत आहे? होडी तयार आहे, जाळं सांधलेलं आहे, माणूस तयार आहे. पाणी खराब झालं ते त्याने केलेलं नाही.

या तिन्ही प्रकारांच्या पलीकडे एक माणूस उरतो, ज्याला रिकामपण लाभतच नाही. ती बाई आहे. भांगाच्या दिवसांत होडी बांधली जाते, चूल बांधली जात नाही. पहाटे मासळी निवडायची, डोक्यावर पाटी घेऊन बाजारात बसायचं, घरी येऊन भाकऱ्या भाजायच्या, उरलेलं सुकवायला घालायचं, हा कोळणीचा आणि आगरी बाईचा दिवस भरतीसुकती पाहत नाही. देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. तरी आपल्या जनगणनेत केवळ घरकाम करणारी स्त्री ‘काम न करणारी’ या रकान्यात जाते. वर्षातून १८३ दिवसांपेक्षा कमी काम केलेला माणूस ‘सीमांतिक’ ठरतो. १८३ दिवस म्हणजे अर्धं वर्ष. एकच पीक काढणारा शेतकरी, आठ महिने आगरावर आणि चार महिने शेतात असणारा मजूर, उधाणाला जाणारा आणि भांगाला थांबणारा कोळी, यांचं जगणं अशा चौकटीत बसवताना कुठे ना कुठे कापावं लागतं. त्यांच्या आयुष्यातून जे कापलं जातं तेच आपण त्यांचं रिकामपण म्हणून वाचतो.

जमिनीच्या बाबतीतही असंच घडलं. खारफुटीची दलदल कित्येक वर्षं पडीक समजली जात होती. तिथे काही पिकत नाही, तिथे घर बांधता येत नाही, म्हणून ती निकामी. प्रत्यक्षात खारफुटीच्या मुळांत कोलंबी आणि मासे वाढतात, भरतीच्या लाटांचा जोर तिथे मोडतो, गाळ तिथे धरला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आणि २०१८ साली अंतिम आदेशाने राज्यातल्या खारफुटीला संरक्षण दिलं. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ साली या खाडीला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. ज्या चिखलाला रिकामा म्हटलं त्याचं महत्त्व जगाने मान्य केलं. चिखलाला मिळालेला हा मान त्या चिखलावर जगणाऱ्या माणसाला अजून मिळायचा आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला काठावर गर्दी होते. ते पक्षी ज्या सुकतीची वाट पाहतात त्याच सुकतीची वाट कोळीही पिढ्यानपिढ्या पाहत आला आहे.

नव्या शहरातल्या माणसाबद्दलही इथे बोलायला हवं, कारण हे लेखन त्याच्यासाठीही आहे. त्याच्याकडे रविवार आहे, पण सवड नाही. घड्याळाने बांधलेला त्याचा आठवडा लोकलच्या डब्यात सुरू होतो आणि डब्यातच संपतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांनी १९३२ साली आळसाची भलामण करणाऱ्या आपल्या निबंधात असं मांडलं होतं की, यंत्रांमुळे माणसाला दिवसाला चार तास काम पुरेसं व्हावं आणि उरलेला वेळ त्याने आपल्या मनासारखा जगावा. नव्वदहून अधिक वर्षं उलटली. यंत्रं रसेलच्या कल्पनेपलीकडे गेली, काम मात्र खिशातल्या फोनमधून झोपेच्या उंबरठ्यापर्यंत आलं. त्यामुळे शहरी माणसाने सारसोळ्याच्या ओट्यावर बसलेल्या माणसाकडे दयेने पाहू नये, हेव्यानेही पाहू नये. त्याच्याकडून एक गोष्ट शिकावी. विसावा कामाच्या रचनेतच असावा लागतो, तो शेवटी उरलेल्या तुकड्यांतून मिळत नाही.

एक इशारा देणं आवश्यक आहे. जुन्या खाडीकाठच्या जगण्याचं गोड चित्र रंगवण्याचा या लेखनाचा हेतू नाही. त्या जगण्यात सावकार होता, मिठागरावर उन्हाने आणि मिठाने फाटलेले पाय होते, दारू होती, न शिकलेली पोरं होती. विसाव्याचे दिवस सर्वांना सारखे मिळत नव्हते. ज्याची स्वतःची होडी होती त्याचा भांग निराळा आणि दुसऱ्याच्या होडीवर जाणाऱ्याचा निराळा. आजची मुलं शिकून बँकेत, रुग्णालयात, महापालिकेत कामाला जातात याचा अभिमान गावाला आहे आणि तो रास्त आहे. परत भूतकाळात जाण्याची मागणी इथे कोणी करत नाही. मागणी एवढीच आहे की, जे गेलं त्याला त्याच्या खऱ्या नावाने ओळखावं. विसावा गेला असेल तर विसावा गेला म्हणावं. बेकारी लादली गेली असेल तर लादणाऱ्याकडे बोट दाखवावं. नकार दिला असेल तर त्या नकाराला कष्टाचा मान द्यावा.

पुढची पानं याच तीन भागांत मांडली आहेत. विसाव्याच्या भागात भरतीसुकती, हंगाम आणि सणवार येतील. नकाराच्या भागात चरीपासून गिरण्यांपर्यंतचे संप, आणि बेकारीच्या भागात संपादन, भराव, कारखाने आणि कायदे. वाचकाने ती कोणत्याही क्रमाने वाचावीत. एक गोष्ट मात्र प्रत्येक पानावर सोबत ठेवावी. बसलेला माणूस दिसला की ‘हा काम का करत नाही?’ हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवावा आणि त्याऐवजी ‘याचा वेळ कोणाच्या हातात आहे?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमी त्या माणसावर येऊन थांबतं. दुसऱ्याचं उत्तर चंद्रापर्यंत जाईल, खोतापर्यंत जाईल, नकाशा काढणाऱ्या टेबलापर्यंत जाईल, आणि कधी कधी आपल्या स्वतःच्या दारापर्यंतही येईल.